सौ.ची सुटका झाली

पस्तीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे माझा स्वभाव बिघडला आहे. दुकानाच्या पाटीवर 'शूद्ध तूप' दिसलं की मी आत जाऊन सांगून येते. एका विद्यार्थ्याच्या लग्नाची पत्रिका मी लाल पेनानं दुरुस्त करून परत पाठवली होती. त्या घरानं नंतर बारशाला काही मला बोलावलं नाही. आई म्हणते, "तुला कुणी चहा दिला तरी तू आधी कपावरचं वाचशील." खोटं नाही ते.

ही खोड मला लावली गुरुजींनी. गुरुजी म्हणजे आमच्या शाळेचे संस्थापक. स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंगात गेलेला माणूस, पण सुटल्यावर ना निवडणूक लढवली ना ताम्रपट मिरवला. नाशकात मुलींची शाळा काढली (मुलगे पुढे आले), खेड्यातल्या मुलींसाठी वसतिगृह काढलं. मी सातवीत असताना ते आमच्या वर्गावर आले आणि मला फळ्यावर 'आशीर्वाद' लिहायला लावलं. मी झोकात 'आर्शिवाद' लिहिला. ते हसले आणि म्हणाले, "पोरी, रफार ज्याचा आहे त्याच्याच डोक्यावर दे. भलत्याच्या डोक्यावर मुकुट घालू नये." वर्ग खो खो हसला. मला रडू आलं, पण तो शब्द जन्मात पुन्हा चुकला नाही.

पण खरं ऋण आईचं. आई सिन्नर तालुक्यातल्या एका लहान गावची. ती दहा वर्षांची असताना गुरुजी फाट्यापासून चालत त्या गावात गेले, आजोबांच्या ओट्यावर बसले आणि म्हणाले, "पोरगी शाळेला देता का? नाहीतर मी पाणीसुद्धा घेणार नाही." उन्हाळ्याचे दिवस. दारात आलेला माणूस तहानलेला परत जाणं आजोबांना झेपेना. संध्याकाळपर्यंत दोघंही हट्टाला पेटले आणि शेवटी आजोबा हरले. आई मॅट्रिक झाली, शिक्षिका झाली, पुढे मी झाले. गुरुजी त्या दिवशी पाणी प्यायले असते, तर मी आज कुणाच्या तरी शेतात कांदे निंदत बसले असते. आमच्या देवघरात गुरुजींचा फोटो आहे, आणि रोजच्या फुलांत त्यांचंही एक असतं.

गेल्या वर्षी शाळेचा अमृतमहोत्सव आला. संस्थेचा सचिव माझाच विद्यार्थी. गंगापूर रोडला त्याची टाइल्सची मोठी शोरूम आहे, आणि शुद्धलेखनाच्या नावानं आनंद आहे. तो घरी आला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "बाई, स्मरणिकेत गुरुजींचं चरित्र तुम्हीच लिहायचं. दहा पानं. तुमच्याशिवाय कोण आहे?" मला गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोलू.

काम तसं सोपं होतं. गुरुजींच्या सत्तरीला त्यांच्या एका शिष्यानं त्यांचं चरित्र लिहिलं होतं, तेच आटवायचं. त्यातला एक उतारा मला तोंडपाठ होता, दरवर्षी पुण्यतिथीला मी तो वर्गात वाचून दाखवत असे. 'गुरुजी तुरुंगात असतानाच गोकुळाष्टमीच्या दिवशी त्यांच्या प्रथम पत्नीचा मृत्यू झाला. हे दुःख त्यांनी मूकपणे गिळले आणि उरलेले आयुष्य मुलींच्या शिक्षणाला वाहिले.' इथे माझा आवाज दरवर्षी कापायचा. मुली वाट बघायच्या, बाईंचा आवाज आता कापणार म्हणून.

सचिवानं पेपरात छोटंसं आवाहन दिलं होतं: गुरुजींच्या आठवणी, पत्रं, फोटो असतील तर शाळेत आणून द्यावेत. लोक आले. कुणी फोटो आणला, कुणी गुरुजींनी दिलेलं पुस्तक आणलं. एका दुपारी एक तरुण बाई एका म्हातारीला हाताला धरून कार्यालयात घेऊन आली. ती तरुण बाई म्हणजे म्हातारीची नातसून, आमच्याच शाळेची माजी विद्यार्थिनी. म्हातारी माझ्या आईच्या वयाची, त्र्याऐंशीची. नऊवारी, हातात कापडी पिशवी. सिन्नरकडून एसटीनं आल्या होत्या.

मी वही उघडली. म्हटलं, "सांगा मावशी, काय आठवण आहे?"

"आठवन नाय," ती म्हणाली. "तेच सांगाया आले. माझ्याकडं त्यांची एकबी आठवन नाय. तेवढं लिहून घ्या."

"म्हणजे?"

"ते माझे वडील."

मला संतापच आला. माझा हात वहीवरून उठलासुद्धा. "मावशी, गुरुजींना मूलबाळ नव्हतं. त्यांची पहिली पत्नी ते तुरुंगात असतानाच गेली. पुस्तकात लिहिलंय."

"ठाव हाय मला पुस्तकात काय लिव्हलंय," ती शांतपणे म्हणाली. "ते पुस्तक आमच्या गावच्या वाचनालयात आलं तवा माझी थोरली लेक लग्नाची व्हती. सोयरीक ठरली व्हती. पावन्यांनी पुस्तक वाचलं अन् म्हनले, नवरा म्हनतो बायको तवाच मेली, मंग पोरीची आई कुनाची? माझी आई तवा घरात चुलीम्होरं बसून भाकरी करीत व्हती, बाई. जित्ती. तिच्या कानावर गेलं समदं. सोयरीक मोडली."

नातसून खाली मान घालून उभी होती. म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं. "आई माहेरीच ऱ्हायली जलमभर. ते वारल्याचं पेपरात आलं तवा तिनं कुंकू पुसलं, तवर लावीत व्हती. मला काय नगं. घर नगं, दार नगं. फकस्त माझ्या जित्तेपनी एकदा छापून येऊ द्या, का मी त्यांची हाय. दहाव्याला काकबिक शिवंल न शिवंल, ते मला दिसनार थोडंच हाय?"

जाता जाता तिनं सांगितलं, "मी आठमीची हाय. किस्नाच्या आठमीची." मी ते वहीत लिहून घेतलं. का लिहिलं, तेव्हा मलाही कळलं नाही.

मनात मी तिला खोटी ठरवली होती. कशी नाही ठरवणार? पण चैनही पडेना. दुसऱ्या दिवसापासून मी शाळेच्या माडीवरच्या पत्र्याच्या पेट्या उघडायला घेतल्या. गुरुजींचे सगळे कागद तिथे आहेत, आणि एकेक कागद पाहून मला पुन्हा पुन्हा त्या माणसाचं कौतुक वाटायचं. आलेल्या प्रत्येक पत्रावर निळ्या पेन्सिलीनं 'उ. दि.' लिहिलेलं, म्हणजे उत्तर दिले. वसतिगृहातल्या मुलीच्या बापानं कोथिंबिरीचा भाव कळवला असेल, तर त्यालाही उ. दि. असा नेमाचा माणूस! दोन दिवस मी नुसती शिंकत होते आणि वाचत होते. तिसऱ्या दिवशी तुरुंगातल्या पत्रांचं पुडकं सापडलं, आणि त्यात एक पोस्टकार्ड. सासऱ्यांनी जावयाला लिहिलेलं.

'॥ श्री ॥ चि. ... यांस अनेक आशीर्वाद. सौ.ची काल पहाटे सुटका झाली. ईश्वरेच्छेपुढे इलाज नाही. आपण तिकडे जिवाला लावून घेऊ नये. बाकी क्षेम.' खाली तिथी: श्रावण वद्य नवमी.

हुश्श! मी खुर्चीत मागे टेकले. चरित्र खरं होतं. काल पहाटे म्हणजे अष्टमी, सुटका म्हणजे बिचारी सुटली. शिष्यानं हेच कार्ड पाहून लिहिलेलं असणार. मी कार्ड पिशवीत घातलं, आईला दाखवायला म्हणून.

रिक्षात बसल्यावर मात्र काहीतरी टोचायला लागलं. चुकीचा शब्द दिसला की टोचतं तसं, पण चुकीचा शब्द सापडेना. कार्ड पुन्हा काढलं. वर 'श्री' होता. निधनाच्या पत्रावर कुणी श्री लिहीत नाही. चारही कोपरे शाबूत होते. दुखवट्याच्या कार्डाचा कोपरा फाडायची पद्धत होती. आणि तसलं कार्ड घरात ठेवत नसत, वाचलं की तिथल्या तिथे फाडून टाकत. हे तर इतकी वर्षं जपलेलं. मग 'ईश्वरेच्छेपुढे इलाज नाही' कशाला? जिवाला काय लावून घ्यायचं नव्हतं?

आई टीव्हीपुढे शेंगा सोलत होती. मी तिला कार्ड वाचून दाखवलं. ती शेंगांवरून नजर न काढता म्हणाली, "मुलगी झाली असणार."

"काय?"

"अगं, बाळंतीण सुटली की सुटका झाली म्हणायचे. आणि मुलगी झाली की असंच लिहायचे. तू झालीस तेव्हा तुझ्या आजोबांनी ह्यांना असंच कार्ड टाकलं होतं. ईश्वरेच्छा, मनाला लावून घेऊ नये." आणि हसली. "तुझ्या वडिलांनी पेढे वाटले, ते सोड."

मी शब्दांवर जगलेली बाई. तुरुंगातून सुटका, बाळंतपणातून सुटका, जन्मातून सुटका, तिन्ही अर्थ मी मुलींना फळ्यावर लिहून दिलेत. आणि माझ्या हातातल्या कार्डावर एका मुलीचा जन्म होता, तो मी मरण म्हणून वाचला. शिष्यानंही तसाच वाचला. मुलीच्या जन्माची बातमी आपल्याकडे दुखवट्याच्या भाषेत लिहीत होते, त्याला तो बिचारा काय करणार!

मी आईला म्हातारीचं सांगितलं. गाव सांगितलं. आईनं टीव्ही बंद केला.

"आमच्या गावाला जायचा फाटा त्याच गावाचा," ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच माहीत होतं. आम्ही सुट्टीला जायचो तेव्हा ती फाट्यावर शेळ्या घेऊन दिसायची. माझ्याच उमरीची. पोरी म्हणायच्या, ती बघ गुरुजींची."

"आणि तू कधी बोलली नाहीस? देवघरात फोटो लावलास!"

"कोण बोलणार?" आई चिडली. एवढी चिडलेली मी तिला फार वर्षांनी पाहिली. "दोन वेळचं जेवण त्यांचं, अंगावरचं लुगडं त्यांचं, हातातली पाटी त्यांची. मला शिकायचं होतं. बोलले असते तर मीही तिच्यासारखी शेळ्या राखत बसले असते. तू असतीस तर बोलली असतीस?"

म्हणजे ज्या दिवशी गुरुजी माझ्या आईसाठी दिवसभर पाण्यावाचून बसले, त्या दिवशी त्यांची स्वतःची दहा वर्षांची मुलगी त्या ओट्यापासून दीड कोसावर होती. ते तिच्याच फाट्यावर उतरून चालत आले होते. हे कळल्यावर मला आधी राग आला नाही. आधी नुसतं कुतूहल वाटलं, जीव खाणारं कुतूहल: त्या वाटेनं चालताना या माणसाच्या मनात काय चाललं असेल?

गुरुजींची बाजू घ्यायची माझी खोड लगेच गेली नाही. मी स्वतःला सांगितलं, चूक शिष्याची आहे, गुरुजींना कळलीच नसेल. म्हणून पुन्हा माडीवर गेले. चरित्राची मुद्रितं, म्हणजे छापण्याआधी तपासायची पानं, पेटीत होती आणि ती गुरुजींनी स्वतः तपासली होती. तेच ते पान. शिष्याच्या जुन्या सवयीनं तिथे 'मृत्यु' असं ऱ्हस्व छापलं होतं. निळ्या पेन्सिलीनं उकार खोडून, समासात नीटसपणे दीर्घ केला होता. 'मृत्यू'.

मृत्यूचा उकार दुरुस्त केला, मृत्यू तसाच ठेवला. बायको जिवंत, चुलीपुढे बसलेली, आणि हा माणूस ऱ्हस्व-दीर्घ बघतोय! मी ते पान हातात घेऊन मोठ्यानं "अहो!" म्हटलं. शिपाई धावत आला, बाईंना काही झालं की काय म्हणून. मला रडू फुटलं होतं आणि हसूही येत होतं. ही पेन्सिल मी ओळखत होते. मी स्वतः आयुष्यभर दुसरं काय केलं?

पुढचे आठ दिवस मी त्या कागदांत तपास करत राहिले. संसार मोडावा असं काय घडलं? काही सापडलं नाही. पुढे त्यांनी दुसरं लग्न केलं; त्या पत्नीनं वसतिगृहाची आई होऊन हाडांची काडं केली. त्यांना विधुर म्हणून सांगितलं होतं का, तेही कळलं नाही. फक्त एक गोष्ट दिसली. पुडक्यातल्या प्रत्येक पत्रावर उ. दि. होतं, त्या कार्डावर नव्हतं. उत्तर दिलं नाही, आणि फाडलंही नाही. माणूस वाईट असता तर त्यानं कार्ड जाळलं असतं. चांगला असता तर गेला असता. मग हा कोण?

सचिवाकडे गेले. त्यानं सगळं ऐकलं, कार्ड पाहिलं आणि दार लोटून घेतलं. "बाई, अमृतमहोत्सव आहे. लोक फोटोला हार घालायला येणार. आत्ता कशाला? मेलेल्या माणसाबद्दल..."

"मेलेल्या नाही, अरे, जिवंत बाईबद्दल!"

"लोक शाळेला नावं ठेवतील."

"ठेवू देत. शाळा खोटी आहे का? तुझी आई तिथेच शिकली ना? हार मीही घालणार आहे. पण खोटं मी लिहिणार नाही. नसेल जमत तर चरित्र तूच लिही, मी मुद्रितं तपासणार नाही."

ही धमकी बरोबर लागली. स्मरणिकेत स्वतःच्या नावाखाली 'आर्शिवाद' छापून येईल, ही भीती त्याला सातवीपासून आहे. बराच वेळ तो पेपरवेट फिरवत बसला. शेवटी म्हणाला, "एक ओळ. फक्त एक. आणि 'टाकली', 'सोडली' असले शब्द नकोत."

एका ओळीत एक बाई आणि एक मुलगी बसवायची. मी चार दिवस खर्डे लिहिले. जन्मात एवढी मेहनत मी एका वाक्यावर केली नाही. मग छापायच्या आधी तिला वाचून दाखवावं म्हणून सिन्नरची एसटी पकडली, तिथून जीपनं गेले.

ती पडवीत लसूण सोलत बसली होती. नातू कारखान्यात कामाला, घर नवं, स्लॅबचं. चहा झाला. मी कार्ड काढून तिच्या हातात दिलं आणि वाचून दाखवलं. तिनं ते उलटंसुलटं करून पाहिलं. मग हसायलाच लागली. "म्हंजे मी झाले तर समदे रडले व्हय?"

"पण त्यांनी जपून ठेवलं होतं, मावशी. शेवटपर्यंत."

हसू थांबलं. तिनं कार्ड मांडीवर ठेवलं, बोटानं अक्षरांवरून फिरवलं. "कागूद जपला," ती म्हणाली. "कागदाला खायला लागत न्हाई."

मग मला विचारायला लागली. बोलायला कसे होते? आवाज मोठा होता का? चहा घ्यायचे का? उंच होते का, कारण तिचा नातू उंच आहे आणि तो उंचपणा कुणाचा ते घरात कुणाला सांगता येत नाही. मी सांगत गेले. आशीर्वादाची गोष्ट सांगितली तर तोंडावर पदर धरून हसली. मला वाटत होतं मी एका लेकीला तिचा बाप देतेय.

"तुम्हाला राग येत नाही का?" मी विचारलं.

"येतो की! लय येतो. आईपायी तर आत्ताबी येतो." लसणाची पाकळी तिनं ताटलीत टाकली. "पन ही नातसून माझी. ही त्यांच्या शाळंत शिकली, म्हनून पेपर वाचती, म्हनून तुमच्यापतूर आले. आता राग कुठं ठिवू, तुमीच सांगा. शाळा बी त्यांचीच, अन् हे बी त्यांचंच."

मी पर्समधून कागद काढला, चष्मा लावला आणि ओळ वाचली. 'गुरुजींच्या प्रथम पत्नी त्यांच्या निधनानंतरही हयात होत्या, व त्यांना गुरुजींपासून एक कन्या होती.' वाचून झाल्यावर मी तिच्याकडे बघितलं. चार दिवस घासून पुसून केलेलं वाक्य. मला शाबासकी हवी होती.

तिच्या कपाळाला आठी पडली.

"व्हती?" ती म्हणाली. "व्हती काय म्हनती, बाई? बसलेय ना मी हितं तुझ्याम्होरं."

मी पेन काढलं, 'होती' खोडलं आणि वर 'आहे' लिहिलं. ती वाकून बघत होती.

"आता वाच," म्हणाली.

मी वाचलं.

"आता छाप."